थेरियनमधील गुहेच्या नकाशावर कोणती चिन्हे दिसावीत हे कसे ठरवावे

एका गुहेचे सर्वेक्षण एकदाच होते, पण त्यातून निघणारा नकाशा वेगवेगळ्या लोकांच्या हाती पडतो आणि प्रत्येकाची गरज निराळी असते. पुढच्या मोहिमेवर निघालेल्या चमूला न शोधलेल्या वाटा, दोराचे अँकर आणि सर्वेक्षणाची स्थानके पाहिजे असतात. गाळाचा किंवा पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला दोर आणि अँकर यांची अडचणच होते. प्रकाशित अहवालात तर काही गोष्टी जाणीवपूर्वक दाखवायच्या नसतात. या सर्वांसाठी गुहेचे चित्र पुन्हा पुन्हा काढणे हा व्यर्थ खटाटोप आहे. थेरियन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चिन्हांच्या दृश्यतेवर जितके बारीक नियंत्रण मिळते, त्याचा पुरेसा उपयोग क्वचितच केला जातो, म्हणून ती पद्धत येथे पायरीपायरीने मांडली आहे.

या लेखात ज्या एका तत्त्वाचा आग्रह धरला आहे, ते असे: चित्र काढताना काहीही वगळू नये, आणि काय वगळायचे याचा निर्णय नकाशा निर्यात करण्याच्या वेळी घ्यावा. गुहेत पाहिलेली वस्तू चित्रात नोंदलीच नाही, तर ती पुढे कोणत्याही आज्ञेने परत आणता येत नाही. नोंदलेली वस्तू मात्र एका ओळीत लपवता येते आणि एका ओळीत पुन्हा दाखवता येते.

सुरुवातीलाच एक सूचना द्यायला हवी. थेरियनच्या सर्व आज्ञा प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीत आणि इंग्रजी वर्तनीनेच लिहायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. उदाहरणांतील जोडरेघा, विसर्गासारखी दिसणारी कोलनचिन्हे (:) आणि शब्दांमधील मोकळ्या जागा मात्र जशा दिल्या आहेत तशाच ठेवाव्यात.

निर्णय कोणकोणत्या ठिकाणी घेतला जातो

थेरियनमध्ये तीन प्रकारच्या फाइली येतात. टीएच फाइलमध्ये मोजमापे असतात, टीएच-२ फाइलमध्ये स्क्रॅप म्हणजे गुहेच्या तुकड्यांची चित्रे असतात, आणि टीएच-कॉन्फिग फाइलमध्ये काय निर्यात करायचे व ते कसे दिसावे हे लिहिलेले असते. चित्रातील प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा क्षेत्र यांपैकी एका वर्गात बसते आणि तिला एक प्रकार असतो: ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ हा बिंदू, भिंत ही रेषा, पाणी हे क्षेत्र. आपण चित्रात चिन्हाचा आकार काढत नाही, तर फक्त वस्तूचे स्थान आणि प्रकार सांगतो. तो आकार निर्यातीच्या वेळी मेटापोस्ट नावाची चित्रभाषा तयार करते आणि टेक ही अक्षरजुळणी प्रणाली पान जुळवते. आकार आणि वस्तू यांची ही फारकत असल्यामुळेच एकाच चित्रातून अनेक नकाशे काढता येतात.

दृश्यतेचा निर्णय या साखळीत तीन ठिकाणी घेता येतो: एखाद्या सुट्या वस्तूवर पर्याय लावून, लेआउटमध्ये (म्हणजे टीएच-कॉन्फिगमधील नकाशाच्या रूपाच्या वर्णनात) नियम लिहून, किंवा चिन्हाची मेटापोस्ट व्याख्याच बदलून. यांपैकी मधला मार्ग जवळजवळ नेहमी योग्य ठरतो, आणि उरलेले दोन त्याला पूरक म्हणूनच वापरावेत.

पहिली पायरी: सध्या काय दिसते आहे ते पाहा

काहीही लपवण्यापूर्वी नकाशातील चिन्हांची यादी समोर असावी. त्यासाठी टीएच-कॉन्फिगमध्ये एक साधा लेआउट लिहावा.

लेआउट मूळ
  स्केल १ ५००
  सिम्बॉल-सेट यूआयएस
  लेजंड ऑन
एंडलेआउट

एक्सपोर्ट मॅप -प्रोजेक्शन प्लॅन -लेआउट मूळ -ओ मूळ.पीडीएफ

लेजंड ऑन केल्यावर नकाशाच्या शीर्षभागात वापरलेल्या चिन्हांची सूची छापली जाते. तिथे ऑनऐवजी ऑल लिहिले, तर त्या चिन्हसंचातील सगळीच चिन्हे छापून येतात. चिन्हे शिकण्यासाठी हा तक्ता एकदा काढून जवळ ठेवावा, पण प्रत्यक्ष नकाशावर तो ठेवू नये. वापरलेल्या चिन्हांची सूची पाहताना बहुधा एखादे अनपेक्षित चिन्ह सापडते: कोणीतरी वाळूऐवजी चिकणमाती निवडलेली असते, किंवा छतातील पायरीची रेषा जमिनीतील पायरीच्या जागी पडलेली असते. अशा चुका लपवण्याच्या नियमांनी झाकल्या जातात आणि मग वर्षानुवर्षे तशाच राहतात, म्हणून त्या आधी दुरुस्त कराव्यात.

दुसरी पायरी: एकेक चिन्ह आणि चिन्हगट लपवणे

लेआउटमधील मुख्य आज्ञा दोन आहेत: सिम्बॉल-हाइड आणि सिम्बॉल-शो. दोन्हींची रचना सारखीच असते. आज्ञेनंतर वर्ग लिहायचा, म्हणजे पॉइंट, लाइन, एरिया, ग्रुप किंवा स्पेशल, आणि त्यानंतर प्रकार.

  सिम्बॉल-हाइड पॉइंट अँकर
  सिम्बॉल-हाइड लाइन रोप
  सिम्बॉल-हाइड एरिया सँड
  सिम्बॉल-हाइड स्पेशल नॉर्थ-अॅरो

स्पेशल या वर्गात उत्तर दिशेचा बाण आणि मापनपट्टी ही दोनच चिन्हे आहेत. ती नकाशावर राहू द्यावीत. नकाशा दुसऱ्या पानावर जोडला जाणार असेल आणि तिथे ती आधीच असतील, तेव्हाच ती लपवण्यात अर्थ आहे.

चिन्हे एकेक करून लपवण्यापेक्षा गट वापरणे सोयीचे असते. ऑल, सेंटरलाइन, सेक्शन्स, वॉटर, स्पेलिओथेम्स, पॅसेज-फिल्स, आइस, सेडिमेंट्स आणि इक्विपमेंट हे गट तयार मिळतात. यांतील स्पेलिओथेम्स या गटात लवणस्तंभ, पडदे, स्फटिक, गुहामोती असे सर्व खनिज निक्षेप येतात, तर इक्विपमेंट या गटात अँकर, दोर, शिड्या, पायऱ्या, पूल आणि मुक्कामाची जागा येते. मजकुरासाठी ग्रुप टेक्स्ट लिहिता येते. मध्यरेषेच्या, म्हणजे सर्वेक्षणाची स्थानके जोडणाऱ्या रेषेच्या, बाबतीत आणखी बारकावा उपलब्ध आहे: ग्रुप केव्ह-सेंटरलाइन आणि ग्रुप सरफेस-सेंटरलाइन वेगवेगळे लपवता येतात, तसेच पॉइंट केव्ह-स्टेशन आणि पॉइंट सरफेस-स्टेशन हेही. गुहेच्या तोंडापर्यंत जमिनीवरून केलेले मोजमाप अंतिम नकाशावर नको असते, पण गुहेतली स्थानके हवी असतात, अशा वेळी हा भेद फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: नियमांचा क्रम

लेआउटमधील नियम वरून खाली लागू होतात आणि नंतरचा नियम आधीच्या नियमावर मात करतो. अपेक्षित चिन्ह दिसत नाही अशा बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते. एखाद्या गटातील एकच चिन्ह ठेवायचे असेल, तर आधी गट लपवावा आणि मग ते चिन्ह दाखवावे.

  सिम्बॉल-हाइड ग्रुप इक्विपमेंट
  सिम्बॉल-शो पॉइंट कॅम्प

हेच उलट्या क्रमाने लिहिले, तर मुक्कामाची जागाही नाहीशी होते, आणि थेरियन त्याबद्दल कोणताही इशारा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आज्ञा बरोबरच असतात.

दिसायला हवीत अशी चिन्हे थोडीच असतील, तर सगळे लपवून सुरुवात करणे अधिक स्वच्छ ठरते.

  सिम्बॉल-हाइड ग्रुप ऑल
  सिम्बॉल-शो लाइन वॉल
  सिम्बॉल-शो लाइन पिट
  सिम्बॉल-शो ग्रुप वॉटर

हा सांगाडा नकाशा लहान प्रमाणावर, समजा १:२०००ला, छापण्यासाठी उत्तम असतो. त्यात भिंती, खड्ड्यांच्या कडा आणि पाणी एवढेच राहते. मात्र अशा लेआउटमध्ये पुढे चित्रात नवा प्रकार वापरला, तर तो आपोआप दिसत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. म्हणून वाढत्या गुहेच्या कामकाजी नकाशासाठी काय लपवायचे याची यादी ठेवावी, आणि प्रकाशनासाठीच्या नकाशात काय दाखवायचे याची. कामकाजी नकाशात नवे चिन्ह चुकून दिसले तर काहीच बिघडत नाही. प्रकाशित नकाशात ते चुकून दिसले तर बिघडू शकते.

भिंत लपवल्यावर काय होते, हेही माहीत असावे. भिंतीची रेषा छापली जात नाही, पण मार्गाची बाह्यरेषा त्याच रेषेवरून ठरत असल्यामुळे मार्गाचा पार्श्वरंग आपल्या जागी राहतो. उंचीनुसार रंग भरलेल्या आढावा नकाशात ही युक्ती मुद्दाम वापरण्यासारखी आहे. क्षेत्रांचेही असेच असते: वाळूच्या क्षेत्राला वेढणारी बॉर्डर रेषा लपवली, तरी आतली वाळू दिसत राहते, कारण क्षेत्राला त्या रेषेचा केवळ मार्ग हवा असतो.

चौथी पायरी: चिन्हासोबतचा मजकूर

येथे थोडे थांबून एक उदाहरण जवळून पाहणे आवश्यक आहे. समजा, एका दालनात पाण्याचे क्षेत्र आहे आणि त्यावर तळ्याची खोली सांगणारे लेबल आहे. गाळाचा नकाशा काढताना आपण पाण्याचा गट लपवतो. क्षेत्र जाते, लेबल मात्र तिथेच राहते आणि कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर पाण्याची खोली लिहिलेली दिसते. मजकुराचा संपूर्ण गट लपवला, तर दालनांची नावेही जातात.

यासाठी काँटेक्स्ट हा पर्याय आहे. टीएच-२ फाइलमध्ये त्या लेबलाच्या पर्यायांत पुढीलप्रमाणे लिहावे.

  -काँटेक्स्ट एरिया वॉटर

आता हे लेबल दाखवण्या-लपवण्याच्या बाबतीत लेबलांचे नियम पाळत नाही, तर पाण्याच्या क्षेत्राला लागू असलेला नियम पाळते. पाणी लपले की लेबल लपते, पाणी दिसले की तेही दिसते. दोराच्या लांबीची नोंद, अँकरशेजारची टिप्पणी, वाऱ्याच्या दिशेजवळ लिहिलेला ऋतू, अशा प्रत्येक आश्रित मजकुराला काँटेक्स्ट लावण्याची सवय चित्र काढतानाच लावून घ्यावी. नंतर शेकडो लेबलांतून आश्रित कोणती आणि स्वतंत्र कोणती हे शोधणे अतिशय कंटाळवाणे असते, आणि ज्याने गुहा पाहिलेली नाही त्याला ते नीट जमतही नाही.

स्थानकांवर लावलेल्या खुणांसाठी वेगळी सोय आहे. मोजमापांच्या फाइलमध्ये स्थानकाला प्रवेशद्वार, पुढे जाणारी वाट, झरा, पाणी मुरण्याची जागा, खोदकाम अशा खुणा जोडता येतात. त्यांपैकी विशिष्ट खुणेची स्थानके लपवायची असतील, तर प्रकाराच्या जागी फ्लॅग हा शब्द, कोलनचिन्ह आणि खुणेचे नाव लिहावे.

  सिम्बॉल-हाइड पॉइंट फ्लॅग:कंटिन्युएशन

सुट्या वस्तूंचे पर्याय

एखादीच वस्तू लपवायची असेल आणि तिच्या प्रकारातील इतर सर्व दिसायला हव्या असतील, तर त्या वस्तूवर व्हिजिबिलिटी ऑफ हा पर्याय लावता येतो. पण असा पर्याय चित्रात खोलवर दडून राहतो आणि प्रत्येक निर्यातीत लागू होतो. तो केवळ रचनेसाठी असलेल्या वस्तूंपुरता राखून ठेवावा, उदाहरणार्थ क्षेत्र बंद करण्यासाठी ओढलेली मदतीची रेषा. दोन स्क्रॅप जिथे जुळतात तिथल्या किंवा उघड्या बाजूच्या भिंतीसाठी तर इनव्हिजिबल हा उपप्रकार स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि तोच वापरणे चांगले, कारण पुढे फाइल वाचणाऱ्याला त्यातून हेतू कळतो.

स्केल हा पर्यायही दृश्यतेशी जोडलेला आहे. चित्र काढताना लहानशा, दुय्यम वस्तूंना एक्सएस किंवा एस हे माप दिले असेल, तर लेआउटमध्ये मिन-सिम्बॉल-स्केल एम असे लिहिल्यावर त्या मापांची बिंदूचिन्हे आणि रेषा गाळल्या जातात. १:२००च्या नकाशात शोभणारा तपशील १:१०००ला नुसता काळा डाग होतो, आणि त्यावर हा सर्वांत नीटनेटका उपाय आहे. अर्थात, त्यासाठी चित्र काढणाऱ्याने महत्त्वाच्या आणि किरकोळ वस्तूंना आधीपासून वेगवेगळी मापे दिलेली असावी लागतात.

पाचवी पायरी: चिन्हसंच निवडणे आणि मिसळणे

चिन्ह दिसावे की नाही हे ठरल्यावर ते कसे दिसावे हा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय गुहाविज्ञान संघटनेने, म्हणजे यूआयएसने, १९९९ साली गुहाचिन्हांची यादी निश्चित केली. थेरियनमध्ये तो संच तर आहेच, शिवाय ऑस्ट्रेलियाचा एएसएफ, ब्रिटनचा बीसीआरए, न्यूझीलंडचा एनझेडएसएस आणि स्लोव्हाकियातील एसकेबीबी असे इतर संचही आहेत. संचाचे नाव मोठ्या अक्षरांतच लिहावे लागते. निवडलेल्या संचात एखादे चिन्ह नसेल, तर त्याच्या जागी मूळ संचातील चिन्ह येते.

एखादे चिन्ह दुसऱ्या संचातून घ्यायचे असेल, तर सिम्बॉल-असाइन वापरावे.

  सिम्बॉल-असाइन पॉइंट स्टॅलॅग्माइट एसकेबीबी

लेबल, टिप्पणी, उंची, तारीख, स्थानकाचे नाव अशा मजकुराच्या बिंदूंना ही आज्ञा लागू होत नाही, कारण त्यांचे रूप अक्षरांच्या मांडणीवर ठरते. संच मिसळताना हात आखडता ठेवावा. दोन संचांतील चिन्हांची रेषाजाडी आणि प्रमाण वेगळे असते, आणि वाचणाऱ्याला कळत नसले तरी नकाशा विस्कळीत दिसू लागतो.

पुष्कळदा चिन्ह लपवण्याऐवजी ते फिके करणे पुरेसे असते. सिम्बॉल-कलर या आज्ञेत वर्ग, प्रकार आणि चौकटी कंसात लाल, हिरवा व निळा यांची ० ते १०० मधील मूल्ये द्यावीत.

  सिम्बॉल-कलर ग्रुप सेंटरलाइन [७० ७० ७०]

मध्यरेषा करड्या रंगात ठेवली, तर ती भिंतींच्या आड येत नाही आणि मोजमाप तपासणाऱ्याला हवी तेव्हा सापडते. कामकाजी नकाशासाठी ही मांडणी विशेष सोयीची आहे.

स्वतःचे चिन्ह

तयार संचांत जे चिन्ह नाही, ते मेटापोस्टमध्ये लिहिता येते. चित्रात त्या वस्तूचा प्रकार यू हे अक्षर, कोलनचिन्ह आणि आपण दिलेले नाव असा लिहायचा, आणि लेआउटमध्ये कोड मेटापोस्ट व एंडकोड यांच्या दरम्यान त्याची व्याख्या द्यायची. बिंदूचिन्हाच्या व्याख्येला स्थान, कोन, माप आणि संरेखन असे चार घटक मिळतात. आकार काढताना यू या एककात मापे द्यावीत आणि पेन-ए ते पेन-डी या तयार लेखण्यांपैकी एक घ्यावी (फाइलमध्ये ही नावे जोडरेघ गाळून लिहावीत). यांतील पेन-ए सर्वांत जाड आणि पेन-डी सर्वांत बारीक आहे. या एककात आणि लेखण्यांत काढलेले चिन्ह प्रमाण बदलले तरी इतरांशी सुसंगत राहते. शेवटी इनिट-सिम्बॉल ही आज्ञा जोडरेघ गाळून, एकसंध शब्दाप्रमाणे लिहून चिन्हाची नोंद करावी. ही नोंद राहिली, तर व्याख्या बरोबर असूनही चिन्ह वापरात येत नाही.

स्वतःचे चिन्ह तयार गटांत मोडत नाही. एखाद्या नकाशात ते नको असेल, तर त्या लेआउटमध्ये त्याच नावाची रिकामी व्याख्या देणे हा खात्रीचा मार्ग आहे.

सहावी पायरी: एका मुळावरून अनेक लेआउट

सर्व नकाशांना समान असलेल्या गोष्टी मूळ लेआउटमध्ये ठेवाव्यात आणि कॉपी या आज्ञेने त्या इतरांत आणाव्यात.

लेआउट मोहीम
  कॉपी मूळ
  सिम्बॉल-हाइड ग्रुप स्पेलिओथेम्स
  सिम्बॉल-शो ग्रुप इक्विपमेंट
  सिम्बॉल-शो पॉइंट कंटिन्युएशन
एंडलेआउट

लेआउट सार्वजनिक
  कॉपी मूळ
  सिम्बॉल-हाइड ग्रुप सेंटरलाइन
  सिम्बॉल-हाइड ग्रुप इक्विपमेंट
  सिम्बॉल-हाइड पॉइंट हेलिक्टाइट
  सिम्बॉल-हाइड पॉइंट आर्किओ-मटेरियल
  सिम्बॉल-हाइड पॉइंट पॅलिओ-मटेरियल
  ग्रिड ऑफ
एंडलेआउट

मूळ लेआउटमध्ये दाखवण्या-लपवण्याचे नियम कमीत कमी ठेवावेत आणि ते प्रत्येक नकाशाच्या स्वतःच्या लेआउटमध्ये लिहावेत, म्हणजे कोणता नियम कुठून आला हे शोधावे लागत नाही. दोन्ही निर्यातींच्या आज्ञा एकाच टीएच-कॉन्फिगमध्ये लिहिल्या, तर एका संकलनात दोन्ही नकाशे तयार होतात आणि मोजमाप सुधारले की दोन्ही एकाच वेळी अद्ययावत होतात. तात्पुरता बदल हवा असेल, तर नवा लेआउट न लिहिता निर्यातीच्या ओळीतच लेआउटचा तो पर्याय देता येतो. -लेआउट-डीबग स्टेशन-नेम्स असे लिहिले की त्या एका निर्यातीपुरती स्थानकांची नावे दिसतात.

सार्वजनिक लेआउटमधील यादीकडे मनापासून लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. वेड्यावाकड्या वाढणाऱ्या नाजूक हेलिक्टाइटची जागा, जीवाश्म किंवा पुरातत्त्वीय अवशेषांची जागा एकदा छापून बाहेर पडली, की ती परत घेता येत नाही, आणि तुटलेला निक्षेप कोणत्याही माणसाच्या हयातीत पुन्हा वाढत नाही. चिन्ह लपवले तरी शेजारच्या टिप्पणीतून तीच माहिती फुटू शकते. म्हणून अशा टिप्पणीला काँटेक्स्ट लावलेला आहे ना, हे तपासावे. लेआउटमधले हे नियम केवळ निर्यात केलेल्या नकाशाला लागू होतात. टीएच-२ फाइलमध्ये सर्व माहिती उघडी असते, तेव्हा नकाशासोबत मूळ फाइली देताना वेगळा विचार करावा लागतो.

चिन्ह दिसतच नाही तेव्हा

दाखवण्याचा नियम असूनही चिन्ह येत नसेल, तर तपासाचा क्रम ठरलेला असावा. ती वस्तू ज्या स्क्रॅपमध्ये आहे, तो स्क्रॅप निर्यातीसाठी निवडलेल्या नकाशात आहे का, हे आधी पाहावे. मोठ्या प्रकल्पात कारण बहुधा हेच निघते. त्यानंतर काँटेक्स्ट आणि व्हिजिबिलिटी हे पर्याय पाहावेत, आणि मग नियमांचा क्रम.

हे सर्व बरोबर असेल, तर कापणीचा संशय घ्यावा. स्क्रॅपच्या सीमेबाहेर गेलेला चिन्हाचा भाग थेरियन कापून टाकते, त्यामुळे भिंतीला अगदी खेटून ठेवलेले चिन्ह अर्धे दिसते किंवा नाहीसे होते. त्या वस्तूवर क्लिप ऑफ लावावे, किंवा बिंदू थोडा आत सरकवावा. स्थानके आणि मजकुराचे बिंदू मुळातच कापले जात नाहीत, म्हणून त्यांना हा पर्याय देता येत नाही. एखादे क्षेत्र दुसऱ्या चिन्हावर पसरून ते झाकत असेल, तर प्लेस या पर्यायाने क्षेत्र तळाला किंवा चिन्ह वरच्या थरात नेता येते. आणि क्षेत्रच दिसत नसेल, तर त्याच्या सीमारेषा एकमेकींना खरोखर छेदतात का, हे पडदा मोठा करून पाहावे. केसाएवढी फट राहिली तरी क्षेत्र बंद होत नाही.

प्रत्येक बदलानंतर थेरियनची नोंदफाइल वाचावी. आज्ञेतील प्रकाराचे नाव चुकले असेल, तर ओळीच्या क्रमांकासह त्रुटी तिथे मिळते. नियमांच्या चुकीच्या क्रमाबद्दल किंवा विसरलेल्या चिन्हाबद्दल मात्र तिथे काहीच नसते, म्हणून प्रकाशनापूर्वी सार्वजनिक नकाशा लेजंड ऑन ठेवून एकदा काढावा, मूळ नकाशाच्या सूचीशी तो ओळ-ओळ ताडून पाहावा, आणि जी चिन्हे गेली ती जायलाच हवी होती याची खात्री गुहेत प्रत्यक्ष गेलेल्या माणसाकडून करून घ्यावी.